दावणीला बांधलेलं विमान

आमच्या पुतण्यानं मागच्या महिन्यात घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. ठेकेदाराकडून विमानतळावर मदतनीस म्हणून लागून त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. फोटोत चार जणांचं एक छोटं शिकाऊ विमान, आणि त्याच्या प्रोपेलरच्या पात्यावर हात टेकवून आमचे चिरंजीव. पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभं राहावं, अगदी तसे. खाली अठ्ठावीस अंगठे.

मी फोन लावला. पहिलं वाक्य जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "मोठेबाबा, बंदच तं होतं ना इंजिन! चाबी पायलटच्या खिशात होती."

मी सोळा वर्षं नागपूरला सोनेगावच्या रॅम्पवर काढली. रॅम्प म्हणजे विमानं उभी राहतात ते काँक्रीटचं अंगण. कागदावर त्याला एप्रन म्हणतात. आता अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान उडतं आहे, तिकडे गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडवणारी शाळा कितीतरी वर्षांपासून आहे, त्यामुळे बडनेरा-यवतमाळ रस्त्यालगतच्या आमच्यासारख्या गावांतली पोरं सामान चढवणं, सफाई, गवत कापणं, पहारा अशा कामांना लागताहेत. विमान उडतं कसं हे त्यांना यूट्यूबवर कळतं. उभं विमान माणसाला जायबंदी कसं करतं, ते मात्र एक-दोन दिवसांच्या ट्रेनिंगात घाईघाईनं, बहुतेक हिंदी-इंग्रजीत उरकलेलं असतं. म्हणून हा खटाटोप.

चाबीपासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथंच आहे.

बहुतेक छोट्या पेट्रोल विमानांच्या इंजिनात ठिणगी मॅग्नेटो पाडतो. दोरी ओढून सुरू होणारा फवारणीचा पेट्रोल पंप आठवा. त्याला बॅटरी नसते, तरी तो पेटतो. कारण फिरणारं चुंबक स्वतःच वीज तयार करतं. विमानातही तेच, फक्त एका इंजिनाला मॅग्नेटो दोन. आता गंमत अशी की चाबी 'बंद'वर नेली की मॅग्नेटोची वीज तुटत नाही. ती एका बारीक वायरीतून इंजिनाच्या अंगाला जोडली जाते, म्हणजे 'अर्थ' होते, म्हणून ठिणगी पडत नाही. घरातल्या बटणाच्या बरोबर उलटं. घरात वायर तुटली तर दिवा विझतो. इथं ती वायर तुटली, सैल झाली, गंजली, तर मॅग्नेटो कायमचा जिवंत राहतो. चाबी पायलटच्या खिशात असो नाही तर त्याच्या घरी कपाटात.

अशा वेळी कोणी पातं हातानं थोडंसं फिरवलं तर आतून 'टक्' असा आवाज येतो. इंजिन हळू फिरत असतानाही ठिणगी जोरात पडावी म्हणून मॅग्नेटोत एक स्प्रिंग बसवलेली असते, ती सुटल्याचा तो आवाज. आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ उरली असेल तर तेवढ्या ठिणगीवर एक धडका बसतो. इंजिन पूर्ण सुरू व्हायची गरजच नाही. एका धडक्यात पातं अर्धा फेरा मारतं, आणि त्या अर्ध्या फेऱ्यात तुमचा हात कुठं होता एवढाच प्रश्न उरतो. म्हणून प्रोपेलरला कधी टेकायचं नाही, त्यावरून कपडा वाळत घालायचा नाही, त्याच्या फिरण्याच्या वर्तुळात उभं राहायचं नाही, आणि विमान ढकलायचं म्हणून पातं धरून ओढायचं तर मुळीच नाही. काही शिकाऊ विमानं डिझेलवर चालतात, त्यांना मॅग्नेटो नसतो. पण कोणतं पेट्रोलवर आणि कोणतं डिझेलवर, हे नव्या पोरानं दुरून ओळखायचं कशाला? सगळेच प्रोपेलर मारके धरावेत.

हे बंद इंजिनाचं. चालू प्रोपेलरचं दुखणं वेगळंच आहे: तो दिसत नाही. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला 900 फेरे या संथ चालीनं फिरत असला तरी एका जागेवरून सेकंदाला तीस वेळा पातं जातं. डोळ्याला तिथं नुसती हवा दिसते, फार तर धुरकट चकती. दिवेलागणीला तीही नाही. कुट्टी मशीनचं चाक निदान खडखडतं आणि एका जागी असतं. इथं आवाज सगळीकडूनच येतो, त्यामुळे कानाला जवळ-लांब कळत नाही.

बेलोऱ्याला आणि बिरसीला प्रवाशांची जी एटीआर 72 विमानं येतात, त्यांची एक खोड नव्या पोरांना आधीच सांगून ठेवतो. या विमानाच्या शेपटीत इतर मोठ्या विमानांसारखं वीज देणारं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, नसतं. म्हणून उजवं इंजिन चालू ठेवून प्रोपेलरला ब्रेक लावायची सोय त्यात आहे. तिला 'हॉटेल मोड' म्हणतात. आत दिवे, वातानुकूलन सगळं सुरू. बाहेर सहा पाती गप्प उभी. पात्यांकडे पाहून विमान बंद आहे म्हणाल तर चुकलात. आत टर्बाइन फिरतं आहे, त्याचा धूर तापलेला आहे, आणि ती जवळजवळ चार मीटर व्यासाची पाती निव्वळ एका ब्रेकनं धरून ठेवलेली आहेत. मारका बैल वेसण धरून उभा केलेला असतो, तेव्हा आपण त्याच्या शिंगांसमोरून जातो का?

जेट इंजिनाला पाती दिसतात ती तोंडाच्या आत. इथं भीती कापण्याची नंतर, आधी ओढलं जाण्याची. आता नागपूरला येणाऱ्या नव्या एअरबसच्या एका जातीच्या इंजिनाचा पंखा जवळजवळ दोन मीटर व्यासाचा असतो. उंच माणूस त्याच्या तोंडात सरळ उभा राहील. इंजिन नुसतं घुमत असलं, विमान जागचं हललेलं नसलं, तरी त्याच्या तोंडासमोर आणि बाजूंना तीन ते साडेचार मीटरच्या आत जायचं नसतं. जोर वाढवला की हे अंतर आणखी वाढतं.

यातला डाव समजून घ्या. पाटाच्या मोरीजवळ पोहणाऱ्या पोराला दहा हातांवर पाणी संथ वाटतं. पाच हातांवर थोडी ओढ लागते. आणि दोन हातांवर कळतं तेव्हा परतीला वेळ नसतो. इंजिनासमोरच्या हवेचंही तसंच. अंतर निम्मं झालं की हवेचा वेग साधारण चौपट होतो, आणि अंगावरचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे सोळापट. चार मीटरवर टोपी हलते आणि दोन मीटरवर पाय सुटतात. मधे सावध व्हायला जागाच नाही.

16 डिसेंबर 2015 ला मुंबईत पुशबॅक झालेल्या, म्हणजे जागेवरून मागं ढकलून काढलेल्या, एका विमानाच्या इंजिनात एक तंत्रज्ञ असाच ओढला गेला. 31 डिसेंबर 2022 ला अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरी विमानतळावर तेच घडलं. तिथलं विमान नुकतंच जागेवर येऊन थांबलं होतं. त्याचं एपीयू बिघडलेलं, म्हणून बाहेरून वीज जोडेपर्यंत वैमानिकांनी एक इंजिन चालू ठेवलं होतं. विमान येण्याआधी खालच्या मंडळींना एकत्र करून हे सांगितलंही होतं, एकदा नाही, दोनदा. दोन्ही ठिकाणी माणसं गेली. मी हे घाबरवायला लिहीत नाही. सांगितलेलं माहीत असणं आणि त्या क्षणी पायाला ते आठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढ्यासाठी लिहितो.

पायाला आठवावं म्हणून एक खूण आहे. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल लुकलुकणारा दिवा असतो, त्याला बीकन म्हणतात. तो चालू आहे तोवर इंजिन चालू आहे किंवा आता होणार आहे असं समजायचं. बीकन विझला, पंखा थांबला, चाकांना चॉक लागले, आणि ज्याच्या हातात ते काम आहे त्यानं अंगठा दाखवला, की मग पुढं. चॉक म्हणजे बंडीच्या चाकाला आपण दगड लावतो तेच, फक्त रबराचं किंवा लाकडाचं. आमच्या वेळी घाईचे दिवस असले की पोरं विमान थांबायच्या आधीच बेल्ट लोडर, म्हणजे सामान चढवायची पट्ट्याची गाडी, घेऊन निघत. दोन मिनिटं वाचत. त्या दोन मिनिटांचं कोणी कधी काय केलं, मला आजवर कळलेलं नाही.

इंजिनाच्या मागची बाजूही तितकीच वाईट. नुसतं घुमणारं जेट इंजिन तीस मीटर मागंपर्यंत माणसाला अडचणीत आणतं, आणि विमान जागचं हलवायला वैमानिक जोर देतो तेव्हा ते अंतर कितीतरी वाढतं. रिकामी ट्रॉली, प्लास्टिकचे कोन, माणूस, सगळं लोटलं जातं, आणि बहुतेकदा दुखापत वाऱ्यानं नाही तर त्यानं उडवलेल्या वस्तूनं होते.

आता इंजिनं सोडा. समजा सगळं खरोखर थंड आहे. तरी विमानात दाब कोंडलेला असतो, आणि तो दिसत नाही.

चाकं घ्या. हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पंधरा-वीस पीएसआय हवा असते, भरलेल्या ट्रकच्या चाकात शंभराच्या वर. प्रवासी जेटच्या मुख्य चाकात 200 च्या आसपास, आणि तीही साधी हवा नाही, नायट्रोजन. उतरताना ब्रेक लागून ते तापतात, आणि गंमत म्हणजे विमान थांबल्यावर आणखी तापतात, कारण वारा लागणं बंद होतं. आतली उष्णता बाहेर झिरपत राहते. दहा-पंधरा मिनिटांनी चाक सगळ्यात गरम असू शकतं. रिममध्ये एक विरघळणारं बूच बसवलेलं असतं, फार तापलं की ते वितळतं आणि वायू सोडून देतं. पण रिमच फुटली तर तुकडे आसाच्या दिशेनं, म्हणजे बाजूला उडतात. म्हणून तापलेल्या चाकाकडे जायचंच झालं तर पुढून किंवा मागून. बाजूनं कधीच नाही. बैलाच्या बाबतीत आपण बरोबर उलटं शिकलोत, मागून जाऊ नये म्हणून. इथं सवय मोडावी लागते.

दुसरा दाब हायड्रॉलिक तेलाचा. चाकं उचलणं, ब्रेक, पंखांचे पडदे (मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) हलवणं, सगळं हे तेल करतं, आणि बहुतेक मोठ्या विमानांत त्याचा दाब 3,000 पीएसआय असतो. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की तेलाची धार दिसतही नाही, नुसती वाफेसारखी धूसर रेघ. कुठून गळतं ते पाहायला हात फिरवला की धार कातडीतून आत शिरते. बाहेरून मुंगी चावल्याएवढा ठिपका, आत तेल पसरलेलं. तासाभरानं बोट ठणकायला लागतं, आणि तोवर माणूस घरी जाऊन जेवलेलाही असतो. हे जेसीबी चालवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, तिथंही हाच घोळ होतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरतात, हात नाही. आणि असा ठिपका पडला तर मलम लावत बसायचं नाही. तासाभरातसुद्धा उशीर होतो, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरला "तेल दाबानं आत गेलं आहे" हे शब्द सांगायचे. नुसता ठिपका पाहून ते ओळखतीलच असं नाही.

तिसरा दाब दाराचा. हवेत असताना विमानाच्या आत हवा भरलेली असते; जमिनीवर ती पूर्ण निघून जायला हवी. क्वचित थोडी राहते. एअरबसच्या दारावरच्या छोट्या खिडकीत त्यासाठी एक लाल दिवा असतो, तो लुकलुकत असेल तर दाराला हात लावायचा नाही. थोडी म्हणजे किती? दार साधारण पावणेदोन मीटर उंच आणि ऐंशी सेंटिमीटर रुंद धरा. आत एक दशांश पीएसआय दाब उरला, म्हणजे सायकलच्या चाकात आपण भरतो त्याच्या शेकडो पटींनी कमी, तर त्या दारावर जोर येतो साधारण शंभर किलो. कापसाचा एक क्विंटल. खटका सोडला की तो क्विंटल दारासकट तुमच्या अंगावर, आणि तुम्ही उभे तीन मीटर उंच शिडीवर.

इतकं वाचून वाटेल की रॅम्पवर रोज असं काही घडतं. तसं नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेचा एक जुना अंदाज आहे: जगभरात वर्षाला सुमारे 27,000 रॅम्प अपघात आणि 2,43,000 माणसं जखमी. त्यातली फार मोठी संख्या मोचलेल्या कमरा, चेंगरलेली बोटं आणि फुटलेली डोकी अशा रोजच्या दुखण्यांची असते. बातमी त्यांची होत नाही. माझ्या कपाळावरचे तीन टाके असेच बिनबातमीचे. एका पहाटे खाली पडलेला कोन उचलायला वाकलो, उठलो तो थेट पंखाच्या मागच्या खाली आलेल्या पडद्याच्या कोपऱ्यात. पंखाची मागची धार पातळ असते, अंधारात दिसत नाही, आणि रक्त इतकं येतं की जवळचे लोक गांगरतात. छोट्या विमानांवर पिटो नळी नावाची एक लहानशी नळी पुढं निघालेली असते. ती वेग मोजते, आणि बर्फ धरू नये म्हणून तिला आतून तापवतात. वैमानिकानं चुकून ती चालू ठेवली असेल तर आधारासाठी धरणाऱ्याच्या तळव्यावर फोड येतात. तिच्यावर लाल फीत असलेलं टोपण असेल तर ते फीत हलवून सांगतं, इथं डोकं आपटू नका.

कमरेचं मात्र थोडं सविस्तर सांगतो. आमच्याकडच्या पोरांना वाटतं, आपण तुरीचं पोतं पाठीवर घेऊन बांध ओलांडतो, पंधरा किलोची बॅग म्हणजे काय? पण पोतं आपण उभ्यानं उचलतो. एअरबस ए320 च्या पोटातला सामानाचा कप्पा जेमतेम सव्वा मीटर उंच असतो. तिथं गुडघ्यावर बसून, कंबर पिळून, एकामागून एक शंभर-सव्वाशे बॅगा रचायच्या. पायांची ताकद तिथं निरुपयोगी, सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर. माझ्यासोबत लागलेले जे जोरात फेकाफेक करायचे, ते तिशीतच पट्टा बांधू लागले. गुडघ्याला पॅड लावा, बॅग आधी अंगाशी ओढा, मग गुडघे फिरवून सगळं अंग वळवा. आणि ट्रॉल्या एकमेकींना जोडताना हुकात बोट कधी घालायचं नाही, ट्रॅक्टरवाला ओळखीचा असला तरी.

शेवटी आपल्या मुलखाचं. मे महिन्यात काँक्रीटवर दुपारी उभं राहिलं की खालूनही भट्टी, वरूनही. उभ्या विमानाचा पत्रा, पायऱ्यांचा कठडा, विमान ओढायचा दांडा म्हणजे टो-बार, सगळ्यांनी हात भाजतो. हातमोजे धुळीसाठी नाही, यासाठी घाला. आणि एखाद्या संध्याकाळी वावधान सुटतं. सेस्ना 172 हे छोटं विमान रिकामं असताना साधारण पाऊण टनाचं, पण पंख मोठे. ते जमीन सोडतं ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. वारा समोरून तेवढा आला तर इंजिन बंद आहे की चालू हे त्याला विचारायची गरज पडत नाही, ते पंख उचलायला लागतं. म्हणून छोटी विमानं दोन्ही पंखांपासून आणि शेपटीपासून जमिनीतल्या कड्यांना बांधतात. दावण म्हणा ना. पण वारा सुटल्यावर दोर बांधायला धावायचं नाही. ते काम आभाळ भरून यायच्या आधीचं. वीज कडाडायला लागली की रॅम्पवरचं काम थांबवून आत यायचं; वावरात आपण झाडाखाली थांबत नाही, तसं विमानाच्या पंखाखालीही थांबायचं नाही.

पुतण्यानं हे सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा "हो ना" म्हणाला, त्यातलं एक खरं वाटलं. मग म्हणाला, "मोठेबाबा, पण उन्हाचा दुपट्टा तं बांधू देतात ना? कानावरून ऊन फार लागते."

मी त्याला आमच्या शेजारच्या वावरातली गोष्ट आठवून दिली. सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये दुपट्ट्याचं टोक गेलं होतं, आणि माणूस वाचला तो दुपट्टा जुना, विरलेला होता म्हणून, फाटला. त्याला ते लहानपणी दिसलेलं होतं. थोडा वेळ फोनवर नुसता रॅम्पचा आवाज येत राहिला.

"मंग डब्यासंगं लॉकरात ठेवतो," तो म्हणाला.

"ठेव. अन् कानाला मफ लाव, उन्हाचं नाही, आवाजाचं. कान गेले तं मागून ट्रॉली आलेली कळणार नाही."

"आणि तो फोटो?"

"काढून टाक ग्रुपवरून. तुझ्या मायनं डीपी लावला आहे त्याचा."